शिंगं गळल्यावरची शिकार

आमच्या घरात बंदूक एकच होती आणि ती आबांच्या हातात होती. आबा म्हणजे माझे वडील. बंदूक आजोबांच्या वेळची, ठासणीची. नळीत आधी दारू ओतायची, वर काथ्याचा बोळा, मग गोळी, आणि गजाने ठासून ठासून बसवायची. परवाना होता तो रानडुकरांपासून पीक राखायला. सांबर मारायला कायद्याने बंदी आली होती. पण कुडपणच्या डोंगरात जिथं एस.टी. पोचत नव्हती तिथं कायदा कुठला पोचायला! मी जन्मभर शाळेत शिकवलं आणि तरी हे सांगते आहे. लाज वाटते, पण खोटं लिहिल्याने ती कमी होणार नाही.

शिमगा झाला की भावकीची शिकार सुरू व्हायची. संपायची कधी, ते मात्र पंचांगात नव्हतं, ते सांबरंच ठरवायची. उन्हं तापली की नराची शिंगं गळून पडतात. रानात कुणालाही गळलेलं पहिलं शिंग सापडलं की त्याने ते आणून देवीच्या पायरीवर ठेवायचं, आणि त्या घटकेपासून शिकार बंद. कारण साधं होतं. शिंगं गेली की नर कुठला आणि मादी कुठली ते पटकन कळत नाही, आणि त्या दिवसांत माद्यांच्या पोटात पिल्लं असतात. पोटुशी मादी पडली तर पाप सगळ्या भावकीला. आमच्या माणसांनी दुसरे किती नेम मोडले असतील याची मोजदाद नको, पण हा नेम कुणी मोडल्याचं मी ऐकलं नव्हतं.

मोडला तो मी.

तेव्हा मी तेवीस वर्षांची होते, महाडच्या एका प्राथमिक शाळेत नुकती लागले होते आणि भाड्याच्या खोलीत राहत होते. बाजाराला आलेल्या गावच्या माणसाबरोबर आबांनी निरोप धाडला, 'शनवारी ये. शेवटचीच शिकार असंल.' आमच्याकडे बायकांना शिकारीला बोलावण्याची रीत नव्हती. शिकारीच्या दिवशी बायकांनी चुलीवर मोठं पातेलं चढवायचं आणि वाट बघायची, एवढाच आमचा भाग. तरी आबांनी मला का बोलावलं ते मला लगेच कळलं.

शिमग्याला घरी गेले होते तेव्हा मी भर उन्हात दारात उभी होते आणि आबांनी ओटीवरून विचारलं होतं, "कोण हाय?"

मी आवाज दिला तसे ते हसले. "गंमत केली गो!" म्हणाले. आबा गंमत करणारे नव्हते. दुसऱ्या दिवशी मी त्यांना परसात गाठलं आणि डोळ्यांपुढे बोटं धरली. त्यांना ती मोजता आली नाहीत. मी म्हटलं, मोतीबिंदू असेल, काढता येतो, चला माझ्याबरोबर महाडला. त्यांनी माझा हात खाली केला.

"यंदाची शिकार होऊ दे. मोकळ्या हातानं नाय यायचा मी. आणि तुझ्या काकाला बोलू नको."

काका म्हणजे आबांचे धाकटे भाऊ. शेती तेच बघत, बैल त्यांचे, गड्यांना हाका त्यांच्या. आबांकडे उरली होती ती बंदूक. तिच्यामुळे भावकीचे लोक अजून त्यांच्या ओटीवर येऊन बसत, शिकारीचे वाटे तेच घालत, देवीच्या वाट्याचं काळीज तेच काढून ठेवत. बंदूक घराची होती आणि हात ज्याचा चालेल त्याची होती. त्या वर्षी चार वेळा जनावर आबांच्या समोरून गेलं आणि बार निघाला नव्हता. "दादाची बंदूक झोपली काय रं?" असं काका हसत हसत म्हणायला लागले होते. हसण्यावारी निघालेली गोष्ट आमच्या घरात फार दिवस हसण्यावारी राहत नसे. अजून एक शिकार रिकामी गेली असती तर बंदूक काकांच्या खुंटीला गेली असती, आणि आबा घरातलं नुसतं एक म्हातारं माणूस झाले असते. त्यांना माझे डोळे हवे होते.

शनिवारी सकाळची शाळा सुटली, पोलादपूरहून कापड्याची एस.टी. धरली आणि पुढे डोंगर चढायला लागले. पिशवीत परीक्षेचे पेपर, आईसाठी चहापूड. अर्ध्या वाटेवर एक झरा आहे, तिथं पाणी प्यायला वाकले आणि पाचोळ्यातून वर आलेलं एक टोक दिसलं. मला वाटलं वाळकी फांदी. ओढलं तर शिंग.

माझ्या हातापेक्षा लांब होतं ते. बुडाशी मनगटाएवढं जाड, अंगभर खडबडीत, टोकं मात्र घासून घासून गुळगुळीत. जिथून तुटलं होतं तिथं थोडं रक्त होतं आणि ते अजून पुरतं वाळलं नव्हतं. मी लहानपणापासून देवळाच्या पायरीवर शिंगं पाहिली होती, पण असं शिंग पाहिलं नव्हतं. हे डोक्यावर घेऊन कुणीतरी या झाडीतून रोज हिंडतं, याचंच मला नवल वाटत राहिलं. बराच वेळ ते मांडीवर घेऊन बसले.

मग भानावर आले. हे पायरीवर ठेवलं की उद्याची शिकार बंद. आबांनी निरोप धाडून बोलावलं ते फुकट. पुढचं वर्ष त्यांच्या डोळ्यांना होतं की नव्हतं कोण जाणे. मी इकडेतिकडे पाहिलं आणि शिंग करवंदीच्या जाळीत आत, आणखी आत सारलं. काट्यांनी कोपरापर्यंत हात ओरबाडला. घरी आईने विचारलं तर म्हटलं, करवंदं काढत होते. "एवढी शिकलीस, पण करवंदं कशी काढायची ते काय कळंना तुला," आई म्हणाली आणि हाताला हळद लावली.

रविवारी सकाळी भावकीचे दहा-बारा बाप्ये, चार कुत्री आणि मी असे निघालो. मला पाहून काका थांबले.

"मास्तरीणबाई हजेरी घ्यायला येतात काय?"

"पाण्याचा तांब्या आणि दारूची पिशवी घेईल ती," आबा म्हणाले. "माझं गुडघं दुखतात. माझ्याबरोबर बसंल."

गुडघे दुखतात हे खरं होतं, त्यामुळे कुणी काही बोललं नाही. काका लोकांना आणि कुत्र्यांना घेऊन वरच्या अंगाला गेले. तिकडून आरडाओरडा करत, झाडांवर काठ्या आपटत त्यांनी जनावर खाली हाकायचं आणि खाली ओढ्याच्या वळणावर आबांनी बंदूक घेऊन बसायचं, अशी ही हाक्याची पद्धत. बसायची जागा आबांच्या वडिलांपासून ठरलेली होती, एका मोठ्या जांभळीच्या मागे. समोर दहा-बारा हातांवर जनावरांची वाट. आबा तिथपर्यंत न अडखळता आले. पायांना सगळं पाठ होतं.

त्यांनी बंदूक ठासली तेव्हा मी बघत राहिले. डोळे त्यांनी मिटलेच होते. दारू मापात, काथ्या, गोळी, गज, सगळं बोटांनी. शेवटी घोड्याखाली बार पेटवणारी टोपी चढवली आणि नळी जांभळीच्या बेचक्यात टेकवली.

"मला सावली हाललेली कळते," ते कुजबुजले. "कुठं हाय तेवढं कळतं. काय हाय ते कळत नाय. तू नुसतं सांगायचं. नर असंल तर नर, मादी असंल तर मादी. दुसरं काय बोलायचं नाय."

"आणि शिंगं नसली तर?"

"अजून गळली नायत. शिंग कुणाला गावलं नाय."

माझ्या हाताची ओरबाडलेली कातडी चुरचुरत होती. तेव्हाच सांगायला हवं होतं. मी तोंड उघडलंही, पण वरून पहिली आरोळी आली आणि आबांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवून मला गप्प केलं.

हाका लांबून येत होता. आधी एक भेकर भुंकत निघून गेलं, मग रानकोंबड्या उडाल्या, मग वानरं. मग बराच वेळ काहीच नाही. आरोळ्या जवळ येत होत्या आणि तरी आमच्या समोरचा तुकडा अगदी शांत होता. मी वाटेकडे बघत होते. वाट रिकामी होती. पापणी लवली असेल-नसेल, आणि वाटेवर सांबर उभं होतं.

ते आलं कसं, हे मी आजवर सांगू शकलेले नाही. एवढं मोठं जनावर, वाळक्या पाचोळ्यातून, आणि मला काहीही ऐकू आलं नाही. आमच्या गोठ्यातल्या बैलापेक्षा ते उंच होतं. रंग काळपट, मानेवर आयाळीसारखे दाट राठ केस, त्यांत कुसळं अडकलेली. गळ्याखाली रुपयाएवढी केस गेलेली लाल जागा. नाक ओलं. कान माझ्या तळव्यांहून मोठे, आणि ते एकेकटे फिरत होते, एक वर हाक्याकडे, एक आमच्याकडे. डाव्या कानाचं टोक फाटलेलं होतं. डोळ्याखाली एक चीर असते, ती उघडली, मिटली, पुन्हा उघडली. त्याच्या अंगाचा वास आमच्यापर्यंत आला, उग्र, ओल्या मातीत मिसळलेला.

आणि डोक्यावर काही नव्हतं.

"काय हाय?" आबांचे ओठ नुसते हलले.

मी डोकं निरखून पाहिलं. कपाळाच्या वर, कानांच्या मध्ये, दोन गोल जखमा होत्या. एकीवर खपली धरली होती. दुसरी ताजी होती आणि तिच्यावर माश्या बसत होत्या. त्याने डोकं झटकलं, माश्या उठल्या, पुन्हा बसल्या. काल मी मांडीवर घेऊन बसले होते ते याचं होतं.

माझ्या अंगावर काटा आला. भीतीने नव्हे. देवळात गाभाऱ्याचं दार उघडतं तेव्हा जे होतं ते मला त्या ओढ्यात झालं, आणि देवळात ते इतकं कधी झालं नव्हतं. एवढं बळ अंगात असलेलं जनावर आपलं सगळं शस्त्र टाकून मोकळ्या कपाळाने उभं होतं. त्याला ठाऊकही नव्हतं की दहा हातांवर एक आंधळा माणूस आणि एक मास्तरीण त्याच्या मरणाचा निवाडा करत बसली आहेत. मला ओरडावंसं वाटलं, रडावंसं वाटलं, हात जोडावेसे वाटले.

"सांग गो."

नर होता. 'नर' म्हटलं असतं तर ते खरं होतं. आबांचा बार चुकला नसता, बंदूक त्यांच्या खुंटीला राहिली असती, संध्याकाळी ओटीवर माणसं मावली नसती. त्यासाठीच तर मी आले होते, त्यासाठीच नेम मोडला होता. हे सगळं मला त्या वेळी कळत होतं. कळत नव्हतं असं म्हणून मला सुटता येणार नाही.

"मादी," मी म्हटलं.

 बंदूक थोडा वेळ तशीच राहिली. मग त्यांनी अंगठ्याने घोडा हळूच खाली उतरवला. तेवढ्या 'कट्' आवाजाने सांबराने आमच्याकडे तोंड केलं. पुढचा पाय आपटला, आणि असा भोंग्यासारखा ओरडला की जांभळीचं खोड माझ्या खांद्याला थरथरल्याचा भास झाला. मग तो ओढा उतरून पलीकडच्या झाडीत गेला. या वेळी फांद्या मोडल्या, दगड घरंगळले, सगळे आवाज झाले.

 

कुत्री आली, मागून माणसं आली. काका सरळ वाटेवर गेले, वाकले, ओल्या मातीत बोट घातलं आणि ताठ झाले.

"दादा, ह्यो खूर बघ! केवढा गोल हाय! नर हाय ह्यो, पोरगा पण सांगंल. तुझ्या नाकासमोरनं गेला, नि बार नाय?"

 सगळ्यांची तोंडं त्यांच्याकडे. एक-दोघे हसले. मला ते हसणं सहन झालं नाही.

"शिंगं नव्हती त्याला," मी म्हटलं. "गळली होती. शिकार कालच बंद झाली होती, काका. शिंग मला काल झऱ्यावर सापडलं. मी लपवलं."

मला वाटलं होतं, एवढं सांगितलं की आबा सुटले. बार टाकला नाही तेच बरोबर झालं असं सगळे म्हणतील. पण काकांचा संताप माझ्यावर वळला. "लपवलंस? देवीचं शिंग? मादी पडली असती म्हंजे? पाप कुणाच्या माथी आलं असतं गो? हेच शिकवतेस काय पोरांना?" बाकीचेही मागे सरले, जणू माझ्या अंगाला काही लागलं होतं. त्यांचं चुकत नव्हतं. मी मान खाली घातली.

"तिला बोलू नको," आबा म्हणाले.

ते जांभळीच्या मागून उठून पुढे आले होते. "तिनं लपवलं ते माझ्यापायी. मला दिसत नाय. दोन वर्सं झाली. चार जनावरं गेली ती पण दिसली नायत आणि आजचा पण दिसला नाय."

 आबांनी बंदुकीची टोपी काढून खिशात घातली, बंदूक दोन्ही हातांवर आडवी घेतली आणि काकांचा आवाज जिकडून आला होता तिकडे पुढे केली.

"घे."

"राहू दे की दादा." काकांचा आवाज एकदम लहान झाला. "घरी बघू."

"हात भरून आले माझे. घे."

काकांनी बंदूक घेतली, पण मग कुणाकडे बघावं ते त्यांना कळेना. आयुष्यात पहिल्यांदा मला त्यांची दया आली. ते मुकाट्याने सगळ्यांना घेऊन पुढे निघाले. झऱ्यावरचं शिंग काढून देवळात ठेवायचं होतं. आबा आणि मी मागे राहिलो. त्यांचा एक हात माझ्या खांद्यावर होता. आता लपवायचं काही उरलं नव्हतं.

मला राहवेना. मी रडायलाच लागले. "आबा, मी खोटं बोलले. मला दिसत होतं तो नर आहे. तुमचा मान घालवला मी, एका जनावरासाठी."

ते थोडं चालले. मग म्हणाले, "पुढचा डावा पाय धरत होता तो."

"काय?"

"लंगडत होता. आला तवा तीन पाय जड पडत होते, एक हलका. आणि जवळ उभा राहिला म्हणून वास लागला. मादीचा असा वास येत नाय."

मी एवढे डोळे फाडून पाहत होते आणि तो लंगडतो हे मला दिसलं नव्हतं. तो आलेलाही मला ऐकू आला नव्हता. यांना ऐकू आला होता, पावलापावलाने. मी जागच्या जागी थांबले.

"म्हणजे तुम्हाला कळलं होतं? नर आहे ते?"

"व्हय."

"मग बार का नाही टाकलात? दहा हातांवर होता."

"तू नको म्हणालीस."

"मी मादी म्हटलं."

"त्येच त्ये," आबा म्हणाले.

 त्यांनी माझ्या खांद्यावरचा हात जरा दाबला, चल म्हणून. उतारावर करवंदीला फळं धरली होती, ऊन चढलं होतं, खालून कुत्र्यांचा आवाज येत होता. बरंच अंतर आम्ही तसेच गेलो. मग ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात मी तोवर कधी न ऐकलेली हाव होती, "एवढा मोठा माझ्या जल्मात आला नसंल गो. आता सांग. कसा होता?"

मी सांगायला लागले. मान सांगितली, आयाळ सांगितली, फाटका कान सांगितला. "कंचा कान?" त्यांनी विचारलं. डावा, म्हटलं. डोळ्याखालची चीर, कपाळावरच्या दोन जखमा, माश्या, सगळं सांगितलं. संपलं तेव्हा ते म्हणाले, "पुन्हा सांग." मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. वाटेत तीनदा ते उभे राहिले, कारण चालताना पायांखालचा पाचोळा वाजत होता आणि त्यांना एकही शब्द चुकवायचा नव्हता.